चोवीस जाळ्या अन् एक डबा वार्निश

कूलरची मोटार जळाली तं कोणाकडे न्यायची, असं जठारपेठेत कोणालेही विचारा. दहातले आठ माहं नाव सांगतील, अन् उरलेले दोघं अकोल्यात नवीन राह्यले आले असतील. मी भगवंतराव खुमकर. चाळीस वर्षं झाले, मोटारी बांधून राहिलो. विहिरीवरची असो, पिठाच्या गिरणीची असो, का घरातल्या कूलरची, जळाली की लोक माह्याकडे आणतात. मी जळालेली तार छिन्नीनं तोडतो, नवीन तांब्याची तार भरतो, दोऱ्यानं आवळून बांधतो, वार्निशमध्ये बुडवतो अन् वाळवतो. मी बांधलेली मोटार परत येत नाही. याले कोणी गर्व म्हणत असंल तं म्हणू द्या, मले फरक पडत नाही.

आता जे सांगतो त्यात चूक माही आहे. तरी सांगतो. चूक केली तेव्हा दिवसाढवळ्या केली, मंग सांगतानाच तोंड कायले लपवायचं?

आकांक्षा माही सून, कुलदीपची बायको. माहेर अंजनगाव सुर्जीचं. लग्नाच्या आधी ती नांदगाव पेठेत सुताच्या एका कारखान्यात होती, तपासणीच्या टेबलावर. रीळ समोर आलं की ती सूत चिमटीत धरायची, ताणून पाहायची, पीळ उलगडून पाहायची अन् सांगायची, पास का फेल. तिनं फेल म्हटलं की भरलेला ट्रक गेटवर थांबायचा. लग्न झालं, कुलदीपची बँक अकोल्यात, म्हणून ती नोकरी सुटली. इकडे तसं काम काही भेटलं नाही. त्याले चार वर्षं झाली.

दोन वर्षांखाली मोबाइलवर पाहू पाहू ती ड्रीमकॅचर बनवायले लागली. ज्यानं पाहिलं नसंल त्याच्यासाठी सांगतो. ताटलीएवढी लोखंडी कडी असते, तिले सूत गुंडाळायचं. मंग कडीच्या आत सुताची जाळी विणायची, गाठीमागून गाठ टाकत, बाहेरून आत. मधात एक भोक सोडायचं. खाली मणी अन् पिसं लटकवायची. अमेरिकेतल्या आदिवासी लोकाहीची ही जुनी रीत. लेकरू झोपते तिथं वर टांगतात. वाईट स्वप्न जाळीत अडकते अन् चांगलं मधातून खाली उतरते, असं ते मानतात. हे आकांक्षानंच मले सांगितलं. ज्याले जाळी देई त्याले ती हे आधी सांगे, कोणाची रीत आहे ते. आपण शोध लावला असं दाखवायचं नाही, म्हणे.

माही बायको रुख्मिणी माळकरी आहे. कोंबडीची पिसं घरात येऊ देणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आकांक्षानं वाद घातला नाही. तिनं जाड सुताचे तुकडे मधल्या दोऱ्याले गाठीनं बांधले, कंगव्यानं विंचरले अन् कात्रीनं टोक काढलं, तं निरं पीसच तयार झालं. रुख्मिणी हातात घेऊन पाहतच राहिली. गल्लीतल्या बायाहीले वाटलं हे नजर लागू नये म्हणून आहे. एकीनं तं खाली लिंबू-मिरची बांधून माग, असं आपल्या पोरीले शिकवून पाठवलं. मी त्याले जाळी म्हणायचो. आज कोणत्या मासोळ्या सापडल्या बेटा, असं विचारायचो अन् दुकानात निघून जायचो. ती हासायची. तिची जाळी मी कधी नीट हातात धरून पाहिली नव्हती, हेही सांगून ठेवतो.

हिवाळ्यात तिनं नात्यात अन् गल्लीत पंधरा-वीस जाळ्या वाटल्या. एप्रिल लागला अन् एकेक परत यायले लागली. ही गोष्ट आपल्या वऱ्हाडातच होऊ शकते. आपल्याकडे ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीस. घरोघरी खिडकीत लोखंडी कूलर, अन् घरातला सगळा वारा त्या एका तोंडातून येते. जाळी हलली पाहिजे न, म्हणून सगळ्याहीनं ती नेमकी कूलरच्या तोंडासमोर टांगली. दिवसभर ओली हवा. सूत भिजे, कूलर बंद झाला की वाळे, पुन्हा भिजे. आठ दिवसांत जाळी जुन्या बाजेसारखी झोल खायले लागली. मणी गरम गोंदाच्या बंदुकीनं चिकटवले होते. जिथं जाळी पश्चिमेच्या भिंतीवर होती तिथं तो गोंद उन्हानं नरम पडला अन् मणी खाली सांडले. मोबाइलवर शिकवणाऱ्या बाईच्या गावात बर्फ पडते. तिले काय माहीत अकोला काय चीज आहे.

त्याच महिन्यात अमरावतीच्या साधनाताईचा फोन आला. या बाई शाळेत हस्तकला शिकवायच्या, आता राजापेठेजवळ हॉल घेऊन हौशी लोकाहीचे वर्ग चालवतात. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांचं प्रदर्शन होतं. ज्याचं काम त्यांना पटेल, त्याले दर शनिवारी-रविवारी वर्ग शिकवायले मिळणार होता. आकांक्षानं नाव देऊन टाकलं.

मी म्हटलं, घरी आहे ते काय कमी आहे, एवढ्या उन्हात एसटीनं अमरावतीले जायची दगदग कायले करतं.

तेव्हा ती बोलली. एरवी ती कमी बोलते.

"मामाजी, नांदगाव पेठेत दिवसातून शंभर माणसं मले विचारायचे, मॅडम, पास का फेल. इथं चार वर्षांत मले कोणी काही विचारलंच नाही. भाजी कोणती केली एवढं विचारतात. मले तो वर्ग पाहिजे."

मी 'बरं' म्हटलं अन् पेपर उघडला. ती काय म्हणून राहिली ते मले कळलं, असं मले वाटलं. कळलं काही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे ती वरच्या खोलीत राबली. सकाळी गच्चीवर सुताच्या लडी भिजवून दोन खांबांमधात ताणून ठेवे. मले वाटलं, धुऊन राहिली असंल. चोवीस जाळ्या झाल्या, तिनं त्या ओळीनं दोरीवर टांगल्या. पांढऱ्याशुभ्र. मी जिन्यातून वाकून पाहिलं अन् माह्या मनात एकच विचार आला, की प्रदर्शनाच्या हॉलात लग्नातल्यासारखे मोठे कूलर राहतील अन् दुपारपर्यंत या सगळ्या लोंबकळतील. पोरीचं हासं होईल. चाळीस वर्षं ओलाव्याशी भांडलेला माणूस घरात बसला आहे अन् सून हासं करून घेऊन येईल, हे माह्यानं सहन होणार नव्हतं. तिले विचारावं, असं एकदाही मनात आलं नाही. देवाशप्पथ, एकदाही नाही.

गुरुवारी आकांक्षा अन् रुख्मिणी अंजनगावले गेल्या, चुलत बहिणीचा साखरपुडा होता. कुलदीप बँकेत. मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं अन् पाच लिटरचा वार्निशचा डबा घरी आणला.

काम मी मन लावून केलं, त्यात कसूर नाही. परातीत वार्निश ओतलं, एकेक जाळी आडवी धरून बुडवली, निथळू दिली, तारेवर गच्चीत टांगली. पिसं वाचवायची होती, पण वार्निश खाली ओघळणारच. मंग मी म्हटलं, पिसंही पक्की होऊन जाऊ दे. मोटारीले भट्टी लागते, इथं वरून सूर्यच भट्टी होता. दुपारी चारपर्यंत चोवीसच्या चोवीस खणखणीत वाळल्या. मी एक टेबलावर आपटून पाहिली. काही झालं नाही. तिच्यावर लोटाभर पाणी ओतलं. थेंबभर धरलं नाही. मी आंघोळ केली, स्वच्छ बंडी घातली अन् बैठकीत कूलरसमोरच्या माह्या खुर्चीवर जाऊन बसलो. जाळ्या समोरच्या दोरीवर लावून ठेवल्या होत्या. पोरगी दारातून येईल अन् पाहील, तिचं तोंड कसं होईल, हे डोळ्यांपुढे आणून मले लय बरं वाटून राहिलं होतं.

सहाच्या सुमारास दोघी आल्या. रुख्मिणी आधी आत आली अन् नाकाले पदर लावून म्हणाली की घरात मोटार जळाली काय. आकांक्षा मागे होती. तिनं पिशवी खाली ठेवली अन् दोरीजवळ गेली.

तिनं पहिल्या जाळीवर फुंकर मारली. जाळी हलली नाही. तिनं खालचं पीस बोटात धरलं. ते पीस राहिलं नव्हतं, चहात बुडवून वाळलेल्या टोस्टसारखं झालं होतं. रंग पिवळट भुरा. तिनं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. चोवीसही पाहिल्या, एकही सोडली नाही. मी म्हटलं, आता कूलर काय अन् पूर काय, याहीले काही होत नाही.

"या मोटारी झाल्या, मामाजी," ती म्हणाली.

मंग तिनं माह्या डोक्याच्या वर बोट दाखवलं. मी मान वर केली. कूलरच्या तोंडासमोर, माह्या खुर्चीच्या बरोबर वर, तीन जाळ्या टांगल्या होत्या. पांढऱ्या. वाऱ्यानं गरगर फिरत होत्या, अन् एकीलेही झोल नव्हता. एकवीस दिवसांपासून त्या तिथं आहेत, ती म्हणाली. परीक्षेसाठी लावल्या होत्या. सूत तीनदा भिजवून तीनदा ताणून वाळवलं की त्याचा झोल आधीच निघून जाते, हे तिनं नांदगाव पेठेत पाहिलं होतं. गोंद तं तिनं केव्हाच फेकला होता, मणी गाठीत ओवले होते. सगळं सुधारून झालं होतं. मी एकवीस दिवस त्या जाळ्यांच्या खाली बसून पेपर वाचला.

अन् मले राग आला. स्वतःचा यायले पाहिजे होता, पण राग असा पत्ता पाहून येत नाही. मी ओरडलो. म्हटलं, चाळीस वर्षं झाले मले ओल्यावाळल्याचं समजते, तुमी पोट्टे मले शिकवाल काय, माणूस भलं करायले गेला अन् वरून हे. रुख्मिणीनं पाण्याचा गिलास माह्यासमोर आदळला अन् चूप बसायले सांगितलं. तेवढ्यात कुलदीप बँकेतून आला. त्यानं दोरीकडे पाहिलं, माह्याकडे पाहिलं अन् हळूच म्हणाला की साधनाताईले फोन करून रद्द करून टाकू.

"रद्द काहून?" आकांक्षा म्हणाली. "परवा प्रदर्शन आहे. उद्याचा दिवस आहे न."

ती रडली नाही. ती रडली असती तं मी सुटलो असतो. डोक्यावर हात ठेवला असता, जाऊ दे बेटा म्हटलं असतं अन् मोठेपण माह्याकडेच राहिलं असतं. ती माह्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी माह्या कामाले हात लावायच्या आधी मले विचारलं नाही," ती म्हणाली. "मोटारीचं तुमाले समजते. सुताचं मले समजते. एक फोन करायचा होता."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली अन् कुकर लावला. मले माह्या बापानं मारलं होतं, दुकानाच्या मालकानं मारलं होतं, पण एवढं कधी लागलं नव्हतं. अन् ती खोटं काहीच बोलली नव्हती, तेच जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी सहाले मी उठून वर गेलो. ती आधीच बसली होती. कात्रीनं जाळ्या कापून कड्या मोकळ्या करून राहिली होती. वार्निशनं सूत दगड झालं होतं, कात्री चालत नव्हती. मी दारात उभा राहिलो. चाळीस वर्षं लोक माह्या दारात उभे राहतात, कामाचं विचारायले. आज मी उभा होतो.

"मी काय करू, सांग."

तिनं वर पाहिलं. म्हणाली, "माह्या हाताखाली बसान काय? मी फेल म्हटलं तं फेल, त्यावर बोलायचं नाही."

बसीन म्हटलं.

कड्या मोकळ्या करायचं काम माहं. छिन्नी माह्या हातची, तासाभरात चोवीस कड्या मोकळ्या केल्या अन् थिनरनं पुसून वास घालवला. तोवर तिनं सूत मोजलं. तीनदा भिजवलेलं सूत चौदा जाळ्यांपुरतंच उरलं होतं. नवीन तयार करायले दोन दिवस लागतात. मी म्हटलं, एकदाच भिजवून घेऊ, ऊन कडक आहे. ती नाही म्हणाली. चौदाच नेऊ, पण झोल खाणारी एक नाही न्यायची, अन् कूलरसमोरच्या वापरलेल्या तीनही नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

मंग तिनं माह्या हातात कडी दिली अन् पहिली ओळ दाखवली. कडीवर दोरा टाकायचा, मागून पुढे आणायचा, आपल्याच फाशातून काढायचा, बोटभर पुढे सरकायचं. मले हासू आलं. कॉइल बांधायची गाठ याहून अवघड असते. मी भराभर ओढलं. अर्ध्या तासात जाळी पुरी केली अन् तिच्यापुढे ठेवली.

तिनं कडी जमिनीवर आडवी ठेवली. कडी अंड्यासारखी झाली होती. मी एवढं आवळलं होतं की लोखंड वाकलं.

"फेल," ती म्हणाली. "उसवा. तोडू नका, सूत मोजकं आहे."

आमच्या धंद्यात उसवणं नसते. जळालं की तोडायचं अन् भंगारात टाकायचं. मी आयुष्यात गाठ उसवली नव्हती. एकेक गाठ नखानं सैल करत मागे मागे गेलो, पाऊण तास लागला. दुसरी विणली. तीही फेल, बाहेरची ओळ घट्ट अन् आतली ढिली. तिसऱ्यांदा मी घाबरून सगळंच ढिलं ठेवलं, तेही फेल. त्या वेळी मी उठलो. वाटलं, झालं एवढं बस झालं, दुकानात गिऱ्हाईक वाट पाहून राहिलं असंल. ती माह्याकडे पाहून नाही राहिली होती. तिचे हात चालू होते. मी तिच्या हाताकडे पाहिलं, अन् खरं सांगतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं. ती दोरा ओढतच नव्हती. दोऱ्याले जाऊ देत होती, अन् प्रत्येक गाठीवर अंगठा क्षणभर टेकवत होती, बस एवढंच. बाहेरची ओळ तिची सैलच दिसे. दुसरी ओळ तिले आत ओढे, तिसरी दुसरीले ओढे. ताण शेवटी यायचा, मधल्या भोकाजवळ.

मी परत बसलो. विचारलं, अंगठा कुठं टेकवतं ते पुन्हा दाखव. तिनं दाखवलं. हळू, दोनदा. चौथ्यांदा मी तशी विणली अन् तिच्यापुढे ठेवली. तिनं ती खिडकीसमोर धरली, फुंकर मारली, बोटानं मधातून टिचकी दिली.

"पास," ती म्हणाली अन् लगेच दुसरी कडी माह्या हातात दिली.

लोक हासतील तं हासू द्या, पण त्या एका शब्दानं मले जे वाटलं ते पहिली मोटार चालू झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. रुख्मिणी कंगवा घेऊन पिसं विंचरायले बसली होती, तिनं माहं तोंड पाहिलं अन् पदराआड हासली. संध्याकाळी दिवा लागायच्या आत चौदा जाळ्या झाल्या. नऊ तिच्या, पाच माह्या.

शनिवारी सकाळच्या एसटीनं आमी दोघं निघालो. खोका मी मांडीवर घेतला, मूर्तिजापूर आलं, बडनेरा गेलं तरी खाली ठेवला नाही. हॉलात मले भेव होतं तसाच घोटाळा होता. दोन्ही टोकांले दोन मोठे कूलर धडधड करून राहिले होते. त्यातल्या एकाचं बेअरिंग गेलेलं होतं, ते मले आवाजावरून दारातच समजलं. एरवी मी पाना मागितला असता. त्या दिवशी मी फक्त तिनं सांगितलं तिथं खिळे ठोकले. आजूबाजूच्या टेबलांवर वीस-वीस, तीस-तीस वस्तू होत्या. आमच्या चौदाच.

साधनाताई दुपारी अडीचले आल्या. साठीच्या बाई, पांढरे केस, चष्मा गळ्यात. तोवर कूलरनं तीन तास मारा केला होता. बाजूच्या टेबलावरची कागदाची फुलं मान टाकून बसली होती. आमच्या जाळ्या फिरत होत्या. साधनाताईनं एकेक हातात घेतली, मधातून बोट घातलं, गाठी पाहिल्या. एका जाळीवर त्या थांबल्या. ती माह्या हातची होती, मी ओळखली.

"याच्या गाठी फार छान बसल्यात," त्या म्हणाल्या. "सगळं तुमच्याच हातचं आहे न? वर्ग द्यायचा तं मला तेवढं पक्कं माहीत पाहिजे."

मी आकांक्षाकडे पाहिलं अन् डोळ्यानं खूण केली, हो म्हण. कोणाले समजणार होतं? घरचंच काम होतं, सून काय अन् सासरा काय. मी तिचं एकदा बुडवलं होतं, पुन्हा माह्या पाच जाळ्यांपायी बुडायले नको होतं.

"नाही," आकांक्षा म्हणाली. "नऊ माह्या आहेत. पाच माह्या सासऱ्यांच्या. ही त्यांचीच आहे. मी त्यांना काल शिकवलं."

साधनाताईनं चष्मा डोळ्यांवर चढवला अन् माह्याकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माह्या नखांत वार्निश होतं.

"काल?" त्यांनी मले विचारलं. "तुम्ही काय करता?"

मोटारी बांधतो म्हटलं, चाळीस वर्षं झाले. मंग त्यांनी विचारलं की ही शिकवते कशी. आता इथं मी गोडगोड बोलू शकलो असतो. पण कालचा दिवस माह्या बोटांमध्ये होता.

"कडक शिकवते," मी म्हटलं. "तीनदा फेल केलं मले. तीनदा उसवायले लावलं, अन् सूत तोडूही दिलं नाही. चाळीस वर्षांत मले कोणी उसवायले लावलं नव्हतं. चौथ्यांदा मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, तेव्हा जमलं. माह्यासारख्याले एका दिवसात शिकवलं, तं बाकीच्याहीचं काय घेऊन बसल्या."

त्या हासल्या. जाळी जागेवर टांगली, ती फिरायले लागेपर्यंत पाहत राहिल्या. मंग खुर्ची ओढून माह्यासमोर बसल्या अन् जरा हळू आवाजात बोलल्या, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलतात तसं. म्हणाल्या की काम पसंत आहे, शिकवायचं हे असंच पाहिजे. पण दर शनिवार-रविवार आहे, अकोल्याहून येणं-जाणं, दिवसभर घराबाहेर. नंतर अडचण नको. घरचे मोठे म्हणून तुमची हरकत तर नाही न, की वर्ग हिलाच देऊ?

आकांक्षा मणी आवरून राहिली होती. तिचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही.

मले विचारलेलं मले लय आवडते. अख्ख्या जठारपेठेत विचारा, मले विचारल्याशिवाय गल्लीतला विजेचा खांब बदलत नाही. तोंडात उत्तर तयार होतं, अन् ते चांगलंच होतं, हरकत नाही म्हणणारं होतं.

"मले कायले विचारता, ताई?" मी म्हटलं. "तिले विचारा."

साधनाताई खुर्चीतच वळल्या. "आकांक्षा," त्यांनी विचारलं, "घेता का वर्ग?"

"घेतो," आकांक्षा म्हणाली. "पण पहिले पंधरा दिवस कोणाच्या हातात कडी देणार नाही. आधी सूत तयार करायले शिकवीन. चालते काय?"

चालते, साधनाताई म्हणाल्या, अन् वहीत तिचं नाव लिहायले लागल्या.